पाजणीची गल्ली आणि कांडीवरचा सूर्य

आमच्या गल्लीत सूर्य कोणत्या दिवशी कुठून उगवतो, याची यादी मी अकरा वर्षं ठेवली होती. हौस म्हणून नव्हे. बेळगावजवळच्या शहापुरात विणकराच्या घरी पहाटे ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, गल्लीत पसरावा लागतो, त्यावर खळ लावून कुंचा फिरवावा लागतो, आणि ते काम ऊन अंगावर यायच्या आत उरकावं लागतं. याला पाजणी म्हणतात. खळ सावलीत हळूहळू वाळली तर सूत ताठ आणि गुळगुळीत होतं. कुंचा फिरतानाच कडक ऊन आलं तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना तटातट तुटतात.

आमची गल्ली पुरती पूर्व-पश्चिम नव्हती. तिचं पूर्वेचं तोंड थोडं दक्षिणेला वळलेलं होतं. वर्षातले बहुतेक दिवस सूर्य या किंवा त्या बाजूच्या घरांच्या आडून वर येई आणि गल्लीत बराच वेळ सावली राही. पण वर्षातून दोनदा, आठवडाभर, तो नेमका गल्लीच्या तोंडातून उगवे आणि पहिलं ऊनच या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळत येई. त्या दिवसांना आम्ही सरळ उन्हाचे दिवस म्हणत असू. त्या दिवसांत कुणाचीही पाजणीची पाळी लावायची नाही, हा नियम माझ्या सासऱ्यांचा. ते गेल्यावर पाळ्यांची यादी माझ्याकडे आली, कारण घरात सहावीपर्यंत शिकलेली मीच. मी वहीत तीन रकाने पाडले: तारीख, सूर्य कुठून वर आला नि कोपऱ्यावरच्या दगडी खांबाला ऊन कधी लागलं, आणि ढग होते की नाही. तिसरा रकाना महत्त्वाचा. ज्या दिवशी दिसलं नाही त्या दिवशी ‘दिसलं नाही’ असंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही.

अकरा वर्षांच्या नोंदींतून सरळ उन्हाचे दिवस असे निघाले: फेब्रुवारीत सतरा ते तेवीस, ऑक्टोबरात वीस ते सव्वीस. एखादा दिवस इकडेतिकडे होई, तेही मी लिहून ठेवलं होतं.

मग निपाणीकडून मास्तर आले.

ते शाळेतून निवृत्त होऊन भाच्याकडे राहायला आले होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. अक्षर सुरेख, बोलणं गोड, आणि विश्व कसं चालतं याचा एक सिद्धांत त्यांनी स्वतः शोधून काढलेला. आमच्या वाचनालयात त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. जाताना ते आमच्याच घरातली सुताने भरलेली एक कांडी मागून घेऊन गेले होते. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची ती सुताची बारीक गुंडाळी; रहाटाचं चाक फिरवून ती भरतात.

“हे विश्व आहे,” कांडी वर धरून मास्तर म्हणाले. “आणि सूर्य म्हणजे हा धागा. रोज एक वेढा. सहा महिने या टोकाकडे, सहा महिने त्या टोकाकडे. उत्तरायण आणि दक्षिणायन दुसरं तिसरं काही नाही. प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला सारख्याच अंतरावर. चंद्र हा दुसरा धागा, तो जरा घाईने गुंडाळला जातो.”

“मग मास्तर, रहाट कोण फिरवतंय?” मागून कुणीतरी विचारलं.

“तुझी सासू!” दुसरा म्हणाला. सगळे हसले, मास्तरही हसले.

पण सभा जिंकली होती. कुठल्याही दुसऱ्या गावात या कांडीला लोकांनी जांभई दिली असती. आमच्याकडे जन्माला आलेलं मूल पाळण्यातून रहाटाची घरघर ऐकतं. विश्व गोल आहे की सपाट, सूर्य फिरतो की पृथ्वी, हे आमच्या लोकांना परक्याचं वाटे. विश्व कांडीसारखं आहे म्हटल्याबरोबर प्रत्येकाला वाटलं की हे तर आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, ते लपवत नाही.

खरा त्रास पुढे झाला. मास्तरांनी बेळगावातून होकायंत्र आणून गल्लीची दिशा मापली. गल्लीचं तोंड, ऐन पूर्व आणि सूर्याचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक यांच्या बरोबर मध्ये येतं, असं त्यांनी काढलं. हे माप त्यांचं बरोबर होतं. त्यावरून त्यांनी हिशेब केला की अंतर निम्मं म्हणजे दिवसही निम्मे. डिसेंबरातल्या त्या टोकापासून मार्चातल्या सारख्या दिवसरात्रीपर्यंतचे निम्मे दिवस मोजले आणि सरळ उन्हाचे दिवस छापून टाकले: फेब्रुवारीत दोन ते आठ, नोव्हेंबरात चार ते दहा. वर कांडीचं चित्र. खाली ‘विणकर बांधवांस सप्रेम’.

मी वही घेऊन आप्पांकडे गेले. आप्पा म्हणजे गल्लीचे वडीलधारे, पाळ्यांचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर माझी यादी खिळ्याला अडकवलेली असे. आता तिथं मास्तरांचं पत्रक होतं.

“आप्पा, यातल्या तारखा चुकल्यात. फेब्रुवारीत जवळजवळ पंधरा दिवसांचा फरक पडतोय.”

“अगं, छापील हाय की ते!”

“छापलं म्हणून सूर्य लवकर येणार आहे का?”

“तू चिडतीस लई. मास्तर शिकलेला मानूस. तुझ्या वहीत नुसतं आकडं हायेत, ह्येंच्यात कारन हाय.”

हे वाक्य मला आजही झोंबतं. माझ्याकडे अकरा वर्षांचं पाहिलेलं होतं, पण कारण नव्हतं. त्यांच्याकडे कारण होतं, पाहिलेला एकही दिवस नव्हता. आणि गल्लीनं कारण निवडलं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा गल्ली रिकामी ठेवली गेली. सातही सकाळी कुणी ताणा पसरला नाही. मी रोज खांबापाशी उभी राहिले. सूर्य रोज दक्षिणेकडच्या घरांमागून वर आला आणि गल्ली नेहमीसारखी सावलीत राहिली. हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी मास्तरांना दाखवलं तर ते म्हणाले, “हवेत धुकं आहे, बाई. किरण वाकतात.” दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. तेव्हा ते म्हणाले की होकायंत्राजवळ लोखंड असावं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं नाही.

इथं माझी चूक आहे आणि ती मी यादीतून वगळणार नाही. सतरा ते तेवीस हे दिवस मास्तरांच्या पत्रकाप्रमाणे पाजणीला मोकळे होते आणि त्यांतली एकच, एकोणिसावी तारीख, कोपऱ्यावरच्या घरातल्या वैनीच्या पाळीला आली होती; बाकीच्या दिवशी कुणाची पाळी नव्हती. मला हे माहीत होतं. आदल्या दिवशी मी तिच्या दारावरून दोनदा गेले. एक शब्द बोलले असते तर ती थांबली असती. पण माझी यादी भिंतीवरून उतरवलेली, मला ‘चिडतीस लई’ म्हटलेलं; मी मनाशी म्हटलं, आता बघू देत त्यांना. त्यांना म्हणजे आप्पांना आणि मास्तरांना. भोगलं वैनीनं.

वैनी विधवा. नवरा गेल्यावर दोन माग तिनं एकटीनं चालवले. खळ नवरा शिजवायचा, ते तिनं शिकून घेतलं आणि एका वर्षात तिची खळ गल्लीत नावाजली गेली. एकोणीस तारखेचा तो ताणा येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याकडच्या नवरीच्या शालूचा होता. पहाटे तिनं पसरला, खळ लावली, कुंचा निम्म्यावर आला आणि सूर्य गल्लीच्या तोंडात उभा राहिला. ऊन सरळ ताण्यावरून धावत आलं. मी आमच्या दारातून पाहत होते. तिनं आधी हात जोरात चालवला, मग दोन बायकांना हाका मारल्या. ओल्या सुताचा चकचकीत रंग डोळ्यांदेखत मळकट झाला. मग तो आवाज सुरू झाला, धागे तुटण्याचा. मोठा नसतो तो. पण विणकराच्या घरातलं कुणीही त्यानं झोपेतून उठेल.

मी धावले. फार उशीर झाला होता.

गल्ली जमली. मास्तरही आले. त्यांनी दोन बोटांत सूत चोळून पाहिलं, जन्मात कधी खळ शिजवली नसताना, आणि म्हणाले, “खळ पातळ झाली, बाई.”

वैनी तुटलेली टोकं वेचत होती. मग म्हणाली, “मास्तर, खळ रोजच्यासारखीच हुती.”

“अनुभव कमी पडतो कधीकधी.”

सूर्य तिथंच होता, सगळ्यांच्या तोंडावर. सगळे डोळ्यांवर हात धरून उभे होते आणि त्या बाईच्या खळीला दोष देत होते! मी ओरडले, “अहो, डोळ्यांवर हात कशाला धरलाय ते तरी बघा!” कुणी बघितलं नाही. त्याच दिवशी आप्पांनी ठरवलं की यापुढे वैनीची स्वतंत्र पाळी नाही. दुसऱ्या घरच्या कुणी खळ शिजवून दिली तरच तिचा ताणा गल्लीत पसरायचा. विणकर बाईला याहून मोठा अपमान नाही. हिला आता हात नाही, असं चारचौघांत सांगण्यासारखं ते होतं.

संध्याकाळी मी वैनीकडे गेले आणि मला आधी माहीत होतं हे सांगितलं. तिनं चुलीकडे तोंड फिरवलं. पाठमोरीच म्हणाली, “सांगाया काय झालंतं गं आक्का?”

 मी दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांसमोर जाऊन बसले आणि उठले नाही.

“सरळ ऊन परत ऑक्टोबरात येणार. मास्तर म्हणतात नोव्हेंबरात. दोघांनी आत्ताच कागदावर लिहायचं, सही करायची, तुमच्या देव्हाऱ्यात ठेवायचं. आधी लिहायचं, मागाहून नाही. माझी तारीख चुकली तर पाळ्यांची वही तुमच्या स्वाधीन. मास्तरांची चुकली तर वैनीची पाळी परत.”

आप्पा हसले. “बाई हाय का मामलेदार?”

पण कागद ठेवले गेले. मास्तरांनी आनंदानं लिहून दिलं. त्यांना स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नव्हती. हीच त्यांची सगळ्यात मोठी अडचण होती.

आठ महिने वैनीच्या ताण्याला दुसऱ्याची खळ लागली. पातळच असे ती, पण ते कुणी बोललं नाही.

पावसाळ्यात एकदा मी कांड्या भरत बसले होते. रहाटाच्या बाजूला, जरा खाली, माझी धाकटी जाऊ सूत सोडवत होती. आम्ही जागा बदलल्या; तिच्या जागी जाऊन बसले तेव्हा रहाट मला समोरून दिसेना, कडेनं दिसू लागला. चाक म्हणजे नुसती उभी पट्टी. आणि त्या पट्टीवर रहाटाची मूठ वर जात होती, खाली येत होती. फिरवणारीचा हात एकसारखाच चालत होता, तरी मूठ वरच्या टोकाला रेंगाळत होती, खालच्या टोकाला रेंगाळत होती, आणि मधून सपकन निघून जात होती. मी जावेला म्हटलं, “फिरव गं, थांबू नकोस.” तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

मी वही आणली. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य दहा-बारा दिवस जवळजवळ एकाच जागी उगवतो, असं माझ्या नोंदींत सगळ्या वर्षी होतं. मार्चमध्ये रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, हेही होतं. मी ते लिहिलं होतं, पण कधी एकत्र वाचलं नव्हतं. सारखे वेढे नव्हतेच कुठं. टोकाला रेंगाळायचं आणि मध्ये पळायचं, ही चाल कांडीची नव्हे, चाकाची होती. मास्तरांनी कांडी पाहिली आणि ती भरणारा रहाट शेजारीच असून पाहिला नाही. मागाहून मी ग्रहताऱ्यांवरची दोन पुस्तकं वाचली, त्यांत पृथ्वीच्या फिरण्याचं नीट सांगितलेलं आहे. माझा रहाट हे काही पुरतं उत्तर नव्हतं. पण तो निदान माझ्या वहीशी भांडत नव्हता.

ऑक्टोबर आला. वीस, एकवीस, बावीस, तिन्ही दिवस ढग. वहीत ‘दिसलं नाही’ असं तीनदा लिहिलं. मास्तर फिरायला जाताना म्हणाले, “काय बाई, सूर्य रुसला वाटतं तुमच्यावर?” गल्लीत हशा झाला. मी रात्री धड झोपले नाही हे खरं.

तेवीसला आभाळ धुतल्यासारखं होतं. आप्पा, मास्तर, वैनी, सगळी गल्ली खांबापाशी. सूर्य गल्लीच्या तोंडात, बरोबर मधोमध वर आला, आणि ऊन आप्पांच्या पायांवरून सरळ मागच्या टोकाला गेलं.  आप्पांनी देव्हाऱ्यातले कागद आणून वाचायला माझ्याकडेच दिले. मी आधी मास्तरांचा वाचला.

मास्तर शांतपणे म्हणाले, “हे अपेक्षितच होतं. कांडीच्या टोकाला धागा वळवताना हात जरा थांबतो. त्यामुळे टोकाशी वेढे दाट पडतात. सिद्धांत आणखी दृढ झाला म्हणायचा.”

“अपेक्षित होतं तर कागदावर का न्हाय?” हे विचारलं वैनीनं. मी नव्हे.

“बाई, सिद्धांत वेगळा, तारखा वेगळ्या.”

“मग आता लिहा,” मी म्हटलं. “टोकाला हात किती दिवस थांबतो? येत्या डिसेंबरात मोजू. आत्ता लिहा.”

“अशा घाईनं शास्त्र होत नसतं.” आणि ते फिरायला गेले.

माझा संताप त्यांची तारीख चुकली म्हणून नव्हता. तारीख कुणाचीही चुकते. सूर्यानं काहीही केलं तरी ज्याचं म्हणणं खरंच ठरतं, त्या माणसानं सूर्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. पण त्याच्या त्या न-सांगण्यापायी एका बाईचा ताणा गेला होता आणि दोष तिच्या हाताला लागला होता.

आप्पांनी वैनीला पाळी परत दिली, पण कशी? जाता जाता, पायऱ्या उतरताना: “घे बाई तुझी पाळी.” खळीबद्दल एक शब्द नाही.

“पाळी दिली,” वैनी मला म्हणाली, “पन खळ पातळ न्हवती, असं कोन म्हनालं न्हाय.”

डिसेंबरात मास्तरांच्या पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. तेच चित्र, टोकाशी वेढे जरा दाट काढलेले. आणि तारखा माझ्या! ऑक्टोबर वीस ते सव्वीस. फेब्रुवारी सतरा ते चोवीस. चोवीस बघून मी आधी गोंधळले, मग मला हसू आलं आणि मग जास्तच राग आला. पुढच्या फेब्रुवारीची यादी मी आप्पांच्या भिंतीवर पुन्हा लावली होती. तिच्यात चोवीस तारीख मी रिकामी ठेवली होती, कारण त्या दिवशी आप्पांच्याच घरी सत्यनारायण होता. मास्तरांनी यादी उतरवून घेतली, आणि आप्पांच्या घरचा सत्यनारायणही सूर्याच्या गतीत जमा केला.

मी पत्रक घेऊन त्यांच्याकडे गेले. एकच मागितलं: खाली एक ओळ छापा, की पहिल्या पत्रकातली तारीख चुकली होती आणि खळ बरोबर होती.

“त्या जुन्या गोष्टी आता कशाला?” मास्तर म्हणाले. वरून चहा विचारला.

मी चहा घेतला नाही. घरी येऊन दौत, टाक आणि गल्लीतल्या घरांची यादी घेतली. तेवीस घरांत पत्रक होतं. दोन दिवसांत तेवीस घरी गेले आणि प्रत्येक पत्रकाच्या खालच्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘गेल्या फेब्रुवारीची छापील तारीख चुकली होती. कोपऱ्यावरच्या घराची खळ बरोबर होती. मला तारीख माहीत होती आणि मी सांगितलं नाही.’ खाली सही. दोन घरांनी आढेवेढे घेतले. तिथं मी लिहून होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले.

आप्पांच्या ओसरीवर शेवटी गेले. त्यांनी ती तीनही वाक्यं सावकाश वाचली.

“शेवटचं कशाला लिवलंस? तुझीच बदनामी की.”

“खरं आहे म्हणून.”

त्यांनी टाक माझ्याकडून घेतला आणि माझ्या सहीच्या खाली आपली सही केली.  तेवढ्यासाठी त्यांचं बाकी सगळं मी माफ केलं. मास्तरांचं नाही केलं, आजही नाही.

वैनीला वाचता येत नव्हतं. मी तिच्या घरी बसून तिच्याच पत्रकावरची ओळ तिला वाचून दाखवली. तिनं मला तिसरं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग ते पत्रक घडी घालून मागाच्या फणीमागं खोचलं आणि म्हणाली, “बरं. आता माझी पाळी कवा हाय ते सांग.”

पंचवीस फेब्रुवारी. सूर्य घरांच्या आडून आला, सावली पुरली, खळ तिची स्वतःची. मी खांबापाशी वही घेऊन उभी होते. नोंद अशी आहे: ‘ढग नाहीत. कोपऱ्यावरचं घर. ताणा उतरवेपर्यंत ऊन आलं नाही. तीन धागे तुटले.’ तीन रोजच तुटतात.